सात नंबरची पाठ

त्या वर्षांतला त्याचा चेहरा मला नीट आठवत नाही.
पाठ आठवते. पाठीवरचा सात,
एका बाजूनं शिलाई सुटून फडफडणारा.
दस्तगीर शिकलगार, त्यांच्या तालमीचा उजवा विंगर.
आणि मी आमच्या पेठेचा लेफ्ट बॅक,
म्हणजे त्याच्या आणि चुन्याच्या रेघेच्या
मधली जागा राखणं
ही मला नेमून दिलेली नोकरी.

बाप सायकलवर चाक बांधून
विळ्या-कात्र्यांना धार लावत हिंडायचा.
पोराच्या घोट्यातही तसलंच काहीतरी फिरत असावं.
बॉल पायाखाली घेऊन थांबायचा.
डावा खांदा किंचित खाली,
जसं दार ढकलण्याआधी कुणी
आतल्या माणसाची चाहूल घेतं.
वस्तादांनी सांगितलेलं, "खांदा खोटा असतोय, बॉल खरा."
तरी दरवेळी मी खांद्यालाच फसलो.
तो आत येणार म्हणून आत सरकलो,
आणि तो बाहेरनं, रेघेवरचा चुना उडवत.
गॅलरीतून माझ्याच चुलत्याची आरोळी:
"तिकीट फाडून दे की त्याला, सोडतोयसच तर!"

एकोणिसाव्या वर्षी गोव्याच्या क्लबनं उचलला.
हलगी, गुलाल, चौकात चौदा फुटी फलक.
आम्ही विरोधी पेठेतले,
पण फलकापुढून जाताना सायकल आपोआप हळू व्हायची.
मग कोलकात्याला दोन मोसम.
कुणीतरी मोबाईल पुढं करायचं:
पाच सेकंदांचा दस्तगीर,
धुरकट हिरव्यावर रेघेलगत पळणारा ठिपका.
खांदा पडला की मी म्हणायचो, आता बाहेरनं.
आणि तो बाहेरनंच जायचा.
पडद्यावर मला सगळं कळायचं.

मग बंगळूर. बेंच. पुन्हा बेंच.
मग एका ओल्या सकाळी, सरावात,
दहा पावलांत कुणी नसताना
गुडघा जागच्या जागी फिरला. एवढंच.

पण पेठेत गोष्टीला पाय लवकर फुटतात.
"त्या सेमीफायनलला ह्यानंच पाय घातलेला,
तिथनंच निखळला गडी."
माझ्याकडनं मिसळीचे पैसे घेईनासे झाले.
कट्ट्यावर सरकून जागा द्यायला लागले.
त्या सेमीफायनलला मी त्याच्या सावलीलाही पोचलो नव्हतो.
मी नाही म्हणालो नाही.

परत आला, गुडघ्यावर काळी पट्टी बांधून.
फायनल. शाहू स्टेडियम गच्च.
शेवटची दहा मिनिटं, त्याच्या पायात बॉल,
आणि मी बाहेरची बाजू दोन हात मोकळी सोडली.
दया म्हणू नका. बाकी फेडत असेन.
त्यानं ती जागा बघितली.
बॉलवर पाय ठेवून उभाच राहिला.
"जवळ ये की," म्हणाला. "असं नको."
मी गेलो. खांदा पडला.
आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बॉलकडं बघितलं.
काढून घेतला.
आमचे लोक जाळीवर चढून नाचले.
ती आरोळी अजून
डोळ्यात चुना गेल्यासारखी झोंबते.

आता तो महापालिकेत, पाणीपुरवठ्याला. चावीवाला.
पहाटे साडेचारला छातीएवढी लोखंडी चावी घेऊन
गटारीलगत, रस्त्याच्या अगदी कडेनं येतो.
आमच्या गल्लीच्या तोंडाशी वाकतो,
सव्वादोन फेरे.
पाईप खोकतात, मग कुणाच्यातरी बादलीचा तळ वाजतो.

मी वर गॅलरीत दात घासत असतो.
ती गुडघ्याची गोष्ट, माझ्या नावावर चढलेली,
सांगायची असते. रोजच असते.
तो वर बघत नाही.
चावी डाव्या खांद्यावर टाकतो,
खांदा किंचित पडतो,
आणि मी, तोंडात फेस,
अर्धं पाऊल उजवीकडं सरकलेला असतो.